सांध्यांवर ‘ड’ जीवनसत्त्वाचा भडिमार

१९३५ साली शिकागोच्या ड्रेयर आणि रीड यांनी सांधेदुखीवर एक उपचार मांडला: ‘ड’ जीवनसत्त्व, तेही अफाट मात्रेत. मुडदुशीने वाकलेली मुलांची हाडं या जीवनसत्त्वाने सावरत होती आणि त्यावरच्या संशोधनाला १९२८चं नोबेलही मिळालं होतं. हाडांना जे लागू पडलं ते सांध्यांनाही पडेल, असं वाटणं साहजिक होतं.

आमवाताच्या रुग्णांना तेव्हा आशेची फार गरज होती. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी बोटं आखडतात, मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा दोन-तीन पट अधिक स्त्रियांना तो गाठतो. हाताशी होतं ते ॲस्पिरिन आणि सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं.

मग मात्रा चढत गेली. रोज दोन लाख ते सहा लाख युनिट! आज आपल्याकडे डॉक्टर बहुधा आठवड्याला एक म्हणून लिहून देतात ती पुडी साठ हजारांची असते. म्हणजे तीन ते दहा पुड्या, दररोज, कित्येकदा महिनोन्‌महिने.

अनेकांना बरं वाटलं. पण हा आजार औषधाविनाही मधूनच ओसरतो आणि पुन्हा उसळतो. औषध न घेणाऱ्यांशी नीट तुलना न करता त्या बरं वाटण्याला पुरावा मानलं गेलं, ही खरी चूक. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, सतत तहान आणि मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. काहींच्या सांध्यांभोवती कॅल्शियमचे थर साचले. १९४८मध्ये मेयो क्लिनिकमधल्या आमवाताच्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे नवं औषध दिलं गेलं, आणि वैद्यकाचं लक्ष तिकडे वळलं.

‘ड’ जीवनसत्त्व परतलं ते वेगळा प्रश्न घेऊन: आजार टाळता येईल का? २००४मध्ये आयोवातल्या २९,३६८ स्त्रियांच्या पाहणीत हे जीवनसत्त्व जास्त घेणाऱ्यांना आमवाताचा धोका कमी दिसला. २००८मध्ये अमेरिकन परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात तसं काही आढळलं नाही. दोन्हीकडे पुरुष नव्हतेच. २५,८७१ स्त्री-पुरुषांवरच्या ‘व्हायटल’ चाचणीचे याविषयीचे निष्कर्ष २०२२मध्ये आले. रोज २,००० युनिट घेणाऱ्यांत, सुमारे पाच वर्षांत, प्रतिकारशक्ती उलटण्याचे आजार एकंदर २२ टक्के कमी होते. त्यांत आमवाताचे रुग्ण मात्र इतके थोडे, की त्याबद्दल वेगळा निवाडा देता येत नाही.

तेव्हा कमतरता असेल तर ती जरूर भरून काढावी. पण सांधे दुखतात म्हणून पुड्यांची संख्या मनाने वाढवू नये, आणि आमवाताचं चालू औषध तर मुळीच थांबवू नये.