मोऱ्याची लाँच, न्हावा-शेव्याचा कंटेनर आणि आपला क्लाउड

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच येते. ओहोटीला गाळ आडवा आला की बसा वाट बघत. जवळच न्हावा-शेवा, १९८९ पासूनचं बंदर. तिथला कंटेनर कुठलीही क्रेन उचलते, कारण त्याच्या कोपऱ्यांचा साचा जगभर एकच. १९५६ मध्ये माल्कम मॅकलीनने ५८ कंटेनर जहाजावर चढवले. साचा ठरायला पुढं दहाएक वर्षं गेली.

क्लाउडमध्ये असा बसून ठरवलेला साचा फारसा रुजलाच नाही. अ‍ॅमेझॉनचं एसथ्री २००६ ला आलं आणि त्याचीच एपीआय बऱ्याच जणांनी उचलली. गूगलचं स्टोरेज तिच्याशी बरंचसं जुळवून घेतं. मायक्रोसॉफ्टच्या अझूर ब्लॉबची बोली वेगळी. म्हणून मध्ये कनेक्टर.

निवडताना मी आधी बघतो, फाइल जाते कुठून? आरक्लोन दोन वेगळ्या कंपन्यांच्या क्लाउडमध्ये फाइल नेतं ते स्वतः ज्या मशीनवर चालतंय तिथून. नेट तुमचं, वर डेटा बाहेर काढायचं भाडं वेगळं!

दुसरं, चेकसम. मोठी फाइल तुकड्यांत चढवली की एसथ्रीचा ईटॅग साधा एमडीफाइव्ह राहत नाही. एका जॉबमध्ये आकडे जुळेनात म्हणून मी तपासणीच बंद केली. दोन फाइली अर्धवट गेल्याचं कळलं, तोवर मूळ प्रती मीच डिलीट केल्या होत्या.