खानावळवालीचं नाव कुठल्या पटावर?

गिरणगावाचा इतिहास सांगायला बसलं की माणसं कावसजी दावरांपासून सुरुवात करतात. १८५४ साली त्यांनी कंपनी काढली, १८५६ साली ताडदेवला त्यांची गिरणी चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी चिमण्यांनी भरून गेलं. चात्या किती, माग किती, कामगार किती, सगळं छापील मिळतं. या लाखो माणसांना दोन वेळा जेवायला कोण वाढत होतं, ते मात्र शोधावं लागतं. डिलाईल रोडला आमच्या चाळीत माझी आई वाढत होती. तिच्यासारख्या बायका गल्लोगल्ली होत्या.

गिरणीच्या पगारात मुंबईत बिऱ्हाड करणं बहुतेकांना परवडत नसे. म्हणून बायको-पोरं गावाला, शेतीच्या तुकड्यावर, आणि गडी एकटा मुंबईत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात बायकांची संख्या पुरुषांच्या जेमतेम निम्मी होती, ती यामुळेच. रत्नागिरीकडचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे लोक आपापल्या गावाच्या मंडळाच्या खोलीत राहत. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर पथारी टाकी. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. चूल मांडायला त्या खोलीत जागा नव्हती, म्हणून जेवण खानावळीत.

गिरगावातल्या खानावळींना पाट्या होत्या, खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमासारखं नाव होतं. तिथे कारकून, विद्यार्थी, नाटकवाले जेवत. आमच्याकडे पाटी नव्हती. खानावळ म्हणजे आमचीच १६० चौरस फुटांची खोली. आम्ही भावंडं जेवणारे उठेपर्यंत गॅलरीत अभ्यास करायचो.

या धंद्यात बाई हौसेनं येत नसे. एके काळी गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, वाइंडिंग आणि रीळ खात्यात. रात्रपाळीला बायकांना बंदी आली, बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला तसं मालकांना बाई महाग वाटू लागली, पुढे नवी यंत्रं आली. बायका गिरणीबाहेर पडल्या. कुणाचा नवरा वारला, कुणाचा कायम न होता बदली कामगार म्हणून लटकलेला, कुणाचा खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. छातीच्या दुखण्यानं ते घरी बसले आणि आईनं स्टोव्ह पेटवला तो गावाकडच्या जेवणाऱ्यांसाठी.

ती चारला उठे. पहिल्या पाळीचे सातच्या आत गिरणीत हवेत, म्हणून आधी भाकऱ्या आणि सुकी भाजी डब्यात. दुपारी साडेतीनला ते सुटत तेव्हा भात आणि कालवण तयार. दुसऱ्या पाळीवाल्यांचं जेवण झाकून ठेवायचं, ते मध्यरात्रीनंतर येत. रॉकेलची रांग, रेशनचा तांदूळ, नळाला पाणी आलं की हंडे, हे सगळं या पाळ्यांच्या फटीत बसवायचं. गिरणीचा भोंगा कामगाराला दिवसातून एकदा बोलावी, आईला तिन्ही वेळा.

हिशेबाची वही होती, लाल पुठ्ठ्याची. आई दुसरीपर्यंत शिकलेली. प्रत्येक जेवणाऱ्याच्या नावापुढे ती उभ्या रेघा ओढी. जो जेवायला येणार नसे तो आदल्या दिवशी सांगे, “काकी, उद्या खाडा.” मग त्या दिवशी रेघेऐवजी फुली. पगाराला फुल्या वजा करून पैसे घ्यायचे. न सांगता गैरहजर राहिला तर रेघ पडे, कारण त्याचा भात शिजलेला असे. यावरून भांडणं होत आणि आई त्यात हटत नसे. मला ते तेव्हा लाजिरवाणं वाटे. आज वाटतं, त्या चाळीतला सर्वांत काटेकोर हिशेब तोच होता.

एक गोष्ट झाकायची नाही. खानावळ गावाची असे, म्हणजे जातीचीही असे. एका खात्यात शेजारी काम करणारी माणसं जेवायला वेगवेगळ्या दारांत जात. दलित कामगारांची जेवणं त्यांच्या वस्तीत, त्यांच्या बायकांच्या हातची. लाल बावटा सगळ्यांना एका मोर्चात आणू शकला, एका पंगतीला नेहमीच नाही.

संप मात्र या बायकांच्या उधारीवर चालले, असं मी ठामपणे म्हणते. १९७४ च्या सुरुवातीचा संप ४२ दिवस चालला. पगार नाही म्हणून जेवणाऱ्याला दारातून परत पाठवता येत नव्हतं. वाणी मात्र रोकडा मागे. मग मंगळसूत्र गहाण, त्यावर सावकाराचं व्याज. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं आणि १९७५ साली खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांच्या दारात त्यांनी या बायकांना नेलं. तारण काही नव्हतं, गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. कर्जाच्या कागदावर बाईचं स्वतःचं नाव आणि पुढे अंगठा किंवा सही. धंदा करणारी म्हणून तिची ती पहिली सरकारमान्य नोंद.

मग १८ जानेवारी १९८२. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आईनं पहिले काही महिने रेघा ओढल्या. जेवणारे एकेक करून गावी गेले आणि वहीत नुसती नावं राहिली. काही जण पुढे गणपतीला तांदळाचं गाठोडं घेऊन आले, उधारी फेडायला. सगळे नाही आले. येण्यासारखी त्यांची स्थिती राहिली नव्हती, आई त्यांना कधी बोल लावत नसे.

गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांना आणि एक तृतीयांश घरांना ठरली होती. २००१ च्या बदलानं ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते मान्य केलं. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, बाकी ठिकाणी टॉवर. कामगारांच्या वाट्याला लढून लढून म्हाडाची सोडत आली. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्ज करायला गिरणीच्या पटावर नाव हवं, सेवेचा पुरावा हवा. घरांच्या तुलनेत अर्जदार कितीतरी पट, म्हणून पुरावा मागणं मला चूक वाटत नाही. पण ज्या बाईनं तीस-तीस गिरणी कामगार वर्षानुवर्षं उभे ठेवले, तिला कुठल्याही पटावर जागा नव्हती. तिला फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, कामगार विम्याचा दवाखाना नाही. कमी पगारात माणूस मुंबईत टिकू शकला तो तिच्या स्वस्त जेवणामुळे, म्हणजे गिरणीमालकाच्या नफ्यात तिचे कष्ट होते. अन्नपूर्णेत नाव असलेल्यांना निदान संघटना मिळाली. बाकीच्या पोळीभाजी केंद्रांत पोळ्या लाटायला गेल्या, नाहीतर टॉवरमधल्या घरांत स्वयंपाकाला.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेनं वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं ठरवलं आहे. तिथे माग ठेवतील, चिमणी राखतील, संपाचे फोटो लावतील. सगळं हवंच. पण तिथे खानावळवालीच्या नावाचंही दालन हवं, आणि त्यासाठी हयात असलेल्या बायकांना आत्ताच गाठून त्यांचं बोलणं नोंदवून घ्यायला हवं. त्यांतल्या बहुतेक जणी ऐंशीच्या पुढे आहेत. आईची वही माझ्याकडे आहे. मागितली तर मी ती द्यायला तयार आहे.