फेरफार नोंद व तिच्या अंमलाची वेळ

खरेदी, वारसा, वाटणी इत्यादी कारणांनी जमिनीवरील हक्कात होणारा बदल अधिकार अभिलेखात उतरविण्याच्या क्रियेस फेरफार म्हणतात. बदल घडणे आणि त्याचा अंमल होणे यांत कायद्याने हेतुतः अंतर राखले आहे.

परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात असताना तेथे या विषयासाठी १३५८ फसलीचा (१९४८–४९) विनियम होता. जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली. तिच्या कलम १५० नुसार तलाठी वर्दी मिळताच फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद घेतो, चावडीवर तिची प्रत लावतो व हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंदीचा अंमल सातबारावर होतो. प्रमाणित नोंद कलम १५७ अन्वये विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जात असल्याने हे अंतर महत्त्वाचे ठरते.

संगणकीय डेटाबेसमध्येही हाच प्रश्न उद्‌भवतो. एका तक्त्यात नोंद पडताच दुसरी क्रिया आपोआप घडविणाऱ्या योजनेस ट्रिगर, तर आलेल्या आज्ञेचे रूपच पालटणाऱ्या योजनेस पुनर्लेखन-नियम म्हणतात. बर्कली येथील विद्यापीठात १९८६ मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पातून पोस्टग्रेस्क्यूएल ही प्रणाली विकसित झाली. तिच्या ८.३ या आवृत्तीत (२००८) ट्रिगर व नियम केवळ मूळ संग्रहात, केवळ प्रतिकृतीत, सर्वत्र किंवा कोठेच लागू करू नयेत, हे ठरविण्याची सोय झाली. प्रतिकृतीत मूळ संग्रहातील परिणाम आधीच पोहोचलेला असतो; तेथे क्रिया पुन्हा घडल्यास तो दुप्पट होतो. ४ हेक्टरांची दोघा भावांत वाटणी होऊन प्रत्येकाच्या नावे २ हेक्टर लागले असता, अभिलेखाची नक्कल करताना तीच वाटणी पुन्हा लागू झाली, तर प्रत्येकाच्या खात्यावर १ हेक्टरच उरेल. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तशा प्रसंगी अभिलेख स्थलांतरित होतात, पण हक्क बदलत नाहीत.

ई-फेरफार प्रणालीत नोंदणीकृत दस्ताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून संगणकाद्वारेच महसूल यंत्रणेकडे जाते. तथापि हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस व मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण कायम आहे. वर्दी आपोआप पोहोचली, तरी सातबारा आपोआप बदलत नाही. अनुपस्थित वारसाचा किंवा सहहिस्सेदाराचा हक्क या मधल्या मुदतीवरच अवलंबून असतो.