पूर्वेस रस्ता

काकांच्या जुन्या खरेदीखतात जागेची चतुःसीमा लिहिलीय. पश्चिमेस कुणाचा तरी ऊस, दक्षिणेस ओढा आणि पूर्वेस नुसतंच 'रस्ता'. किती फुटी, कुणाच्या मालकीचा, काही नाही. बैलगाडी जाईल एवढा, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. लिहायची गरज काय? आता त्याच रस्त्याला लागून अपार्टमेंटचा प्रस्ताव आलाय, आणि पुण्या-मुंबईच्या भावंडांचे फोन सुरू झालेत. म्हणून हे सगळं एकदाच इथं लिहितो.

कळंबा म्हटलं की लोकांना तलाव आठवतो, नाहीतर जेल. (जेलचं नाव काढलं की बाहेरचे पाहुणे हसतात, त्याची आता सवय झालीय.) गारगोटीकडं जाणाऱ्या रस्त्यानं आलात तर शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं, सांगता येणार नाही. कागदावर मात्र ती रेघ फार ठळक. कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची, महानगरपालिका झाली 1972 साली. पण पुढं कित्येक दशकं हद्द काही वाढली नाही. माणसं मात्र बाहेर सरकतच राहिली. रेघेच्या आत महापालिकेचा नगररचना विभाग, रेघेच्या बाहेर गावठाणापुरती ग्रामपंचायत आणि शेतजमिनीला कलेक्टरची एन.ए. परवानगी.

या मधल्या फटीत गुंठेवारी वाढली. कुणी दोन गुंठे घेतले, कुणी तीन. विकणाऱ्यानं वाट सोडली ती त्याच्या मनाला येईल तेवढी, कारण सोडलेला प्रत्येक फूट म्हणजे बुडालेला पैसा! एका शेतातली वाट पुढच्या शेतात जुळेलच असं नाही. सरकारनं 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा केला, घरं नियमित करायची सोय झाली. पण घर कागदावर नियमित झालं म्हणून रस्ता रुंद होत नाही.

हद्दवाढीचा वाद तुम्ही पेपरात वाचला असेलच. शहराला गावं हवीत, गावांना घरफाळ्याची भीती. शेवटी 2017 मध्ये हद्दवाढीऐवजी 42 गावांचं प्राधिकरण झालं. माझ्या मते हा निर्णय म्हणजे भांडण मिटवायला काढलेला मधला मार्ग होता. 2020 च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि निदान मोजमापं तरी बहुतेक ठिकाणी एक झाली.

आता पार्किंग. नियमात मोटारीची जागा 2.5 बाय 5 मीटर, दुचाकीची 1 बाय 2. म्हणजे मोटारीला साडेबारा चौरस मीटर. गुंठा 101 चौरस मीटरचा. भागाकार केला तर आठ गाड्या बसतात. पण आत शिरायला, वळवायला वाट ठेवली तर चारसुद्धा मुश्किल. नकाशावर चौकोन काढणं सोपं असतं हो! खांबामागं काढलेल्या चौकोनात गाडी जाणार कशी, हे तपासणाऱ्यानं बघायचं असतं. ते बघितलं नाही तर गाडी रस्त्यावर येते, आणि आमच्या त्या 'पूर्वेस रस्त्या'वर एक गाडी उभी राहिली की अग्निशमनचा बंब सोडाच, घंटागाडीसुद्धा अडते. आजी आजारी असताना रिक्षा कोपऱ्यावरच थांबवून तिला खुर्चीत बसवून न्यावं लागलं होतं, हे मोठ्या काकूंना आठवत असेल.

आणखी एक, फ्लॅट घ्यायच्या विचारात असलेल्यांसाठी. इमारतीखालची खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये 1963 च्या मोफा कायद्याखाली दिला होता. 2016 च्या रेरा कायद्यात उघडी पार्किंग सामाईक जागेत धरलीय.

टोलच्या वेळी हेच कोल्हापूर वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलं आणि 2015 च्या शेवटी टोल रद्द करून घेतला. पण गल्लीतल्या नकाशाची प्रत मागायला कुणाला वेळ नाही.

असो. आम्ही अर्जात तीनच गोष्टी मागितल्यात: रस्त्याची रुंदी नकाशावरून नव्हे, जागेवर मोजावी, पार्किंगमधली गाडी वळायची जागा दाखवावी, आणि पाहुण्यांच्या गाड्या कुंपणाच्या आत घ्याव्यात. इमारतीला विरोध नाही, त्यांनाही घरं हवीतच. सोमवारी टेप घेऊन जाणार आहोत. जुन्या मोजणीची 'क' प्रत कुणाच्या ट्रंकेत असेल तर त्याआधी फोटो काढून पाठवा.