चॅट्सवर्थच्या वाड्याची कुळकथा

इंग्लंडातील डर्बीशर परगण्यात, डरवेंट नदीच्या काठी उभा असलेला चॅट्सवर्थचा प्रासाद पाहून आणि त्याच्या खिडक्यांच्या चौकटींना बाहेरून दिलेला सोन्याचा मुलामा डोळ्यांत भरून, ही एखाद्या प्राचीन राजवंशाची वास्तू असावी असा कोणाचा समज झाला तर नवल नाही. परंतु तिचे मूळ आहे ते बेस ऑफ हार्डविक या करारी बाईच्या हट्टात. तिचा दुसरा पती सर विल्यम कॅव्हेंडिश हा आठव्या हेन्रीच्या अमदानीत मठांच्या मालमत्ता खालसा करणाऱ्या अंमलदारांपैकी एक. त्याने पत्नीच्या आग्रहास्तव दक्षिणेकडील जमिनी विकून १५४९ साली ६०० पौंडांना ही जागा खरीदली.

आजची वास्तू मात्र पुढच्या वंशजाची. कॅव्हेंडिश घराण्यातील पहिल्या ड्यूकने वास्तविक दक्षिणेची एकच बाजू नव्याने बांधावयास घेतली होती. पण घर पाहावे बांधून म्हणतात ते खोटे नाही. एकेक बाजू पाडीत व उभारीत १७०७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, सारा वाडा नवा झाला.

माझ्या मते या वाड्याचे खरे वैभव बागेत आहे. सहाव्या ड्यूकने १८२६ साली जोसेफ पॅक्स्टन या तरुणास मुख्य माळी नेमले. रशियाचा झार निकोलस येणार या आशेने १८४४ साली पॅक्स्टनने वरच्या माळावर आठ एकरांचे तळे खोदविले, नळ खाली आणले, आणि केवळ उताराच्या दाबाने, कोणत्याही यंत्रावाचून, पाण्याचा स्तंभ आकाशात चढविला. झार आलाच नाही! याच माळ्याने काचगृहात वाढविलेल्या ठेंगण्या केळीस धन्याचे कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. आपल्या जळगावची बसराई त्याच कुळातली.

१९५० साली दहावा ड्यूक वारला. मुलाच्या नावे केलेली मालमत्ता करमुक्त होण्यास पाच वर्षे लागत, आणि ती पुरी होण्यास थोडेच आठवडे उरले होते. त्यामुळे सरकारने शेकडा ८० या दराने मृत्युकर आकारला. तो फेडताना हजारो एकर जमीन, उत्तमोत्तम चित्रे आणि खुद्द बेसने बांधलेला हार्डविक हॉल हातचा गेला. पुढे १९८१ साली वाडा न्यासाच्या स्वाधीन झाला, आणि आता ड्यूकचे कुटुंब तेथे राहण्याबद्दल त्या न्यासास भाडे देते.