गोधडीच्या पोटातला इतिहास

गोधडीचे कौतुक करताना आपण बहुधा तिच्या दर्शनी बाजूविषयी बोलतो. रंगांची संगती, तुकड्यांची मांडणी, टाक्यांच्या समांतर ओळी यांकडे लक्ष जाते. तिच्या पोटात काय भरले आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. पण काही गोधड्यांचा इतिहास नेमका त्यांच्या पोटातच दडलेला असतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या गावच्या गोधड्या अशा आहेत.

आपल्या गोधडीत किंवा वाकळीत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर असतात; कापूस असतो तो रजईत. जीज बेंडची क्विल्ट या दोहोंच्या मधली म्हणता येईल. वर ठिगळे जोडून केलेला पदर, मध्ये कापसाचा थर आणि खाली अस्तर, अशी तिची रचना. हे तिन्ही थर उरल्यासुरल्या वस्तूंतून सिद्ध होत, आणि प्रत्येक थराच्या ‘उरण्या’मागे एकेक सामाजिक व्यवहार आहे.

अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या भूभागात १८१६ साली जोसेफ जी हा जमीनदार आपल्या गुलामांसह आला आणि त्याने कापसाची लागवड सुरू केली. १८४५ मध्ये ही मालमत्ता मार्क पेटवे याच्याकडे गेली. त्याने उत्तर कॅरोलायनातून सुमारे शंभर गुलामांना अलाबामापर्यंत पायी चालवीत आणले. गुलामगिरी संपली, पण मालकाचे आडनाव त्यांच्या वंशजांना चिकटून राहिले; आजही गावातील पुष्कळ घरे पेटवेच आहेत. मुक्तीनंतर ही माणसे त्याच जमिनीवर कुळे म्हणून राबू लागली. पीक कापसाचेच आणि कर्जही कापसावरचेच.

आता गोधडीच्या पोटाकडे वळू. घरात थंडी शिरू नये म्हणून भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवीत, अशा त्या झोपड्या होत्या. अंगावर घेण्यासाठी आणि खाली अंथरण्यासाठी गोधड्या अनेक लागत. त्यांत भरायला चांगला कापूस कोठून मिळणार? तो तर विक्रीचा. मग वेचणीनंतर शेतात राहिलेली बोंडे आणि सरकी काढण्याच्या कारखान्यात जमिनीवर सांडलेला, झाडून गोळा केलेला कापूस घरी येई. काठ्यांनी बडवून त्यातील माती-कचरा काढीत आणि तो हातांनी पसरीत. असा सुटा कापूस वापरात सरकतो आणि त्याच्या गाठी होतात. म्हणून तिन्ही थरांतून आरपार जाणारा धावदोरा जवळजवळ घालावा लागतो. नक्षी म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती टाक्यांची ओळ मुळात कापूस जागच्या जागी धरून ठेवण्याची युक्ती आहे. ज्यांनी तो पिकवला, त्यांच्या वाट्याला त्याची झाडलोट आली, हा या थराचा अर्थ.

वरच्या पदराची कथाही निराळी नाही. १९३२ मध्ये उधारी देणाऱ्या व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी गावातील जनावरे, अवजारे आणि साठवलेले धान्य उचलून नेले. अशा गावात कापडाचा तुकडा फेकून देणे शक्यच नव्हते. शेतात घातलेले जाड कपडे फाटले की त्यांची ठिगळे होत. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या स्त्रीने मृत पतीच्या कामाच्या कपड्यांतून एक गोधडी शिवली. उन्हापावसाने विटलेला निळा-करडा रंग तिच्यात दिसतो. काटकसर आणि शोक येथे एकाच दोऱ्याने शिवले गेले आहेत.

तिसरा टप्पा नागरी हक्कांच्या चळवळीचा. पलीकडच्या काठावरील कॅम्डेन हे परगण्याचे मुख्य ठाणे. मतदार नोंदणी तेथेच होई. कृष्णवर्णीय लोक नोंदणीसाठी नदी ओलांडू लागले, तेव्हा १९६२ मध्ये तर बंद करण्यात आली. रस्त्याने जायचे तर सुमारे ४० मैलांचा वळसा. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग येथे येऊन बोलले. पुढच्याच वर्षी परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीकडून तिला कॉर्डुरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाले. मोठे दुकान म्हटले की माल एकसारखा हवा. तेथे कारागिराच्या मर्जीला वाव नाही. परंतु त्या कामातील सोनेरी, हिरव्या, नारिंगी आणि लाल रंगांच्या उरलेल्या पट्ट्या घरोघर गेल्या. कॉर्डुरॉय जाड असल्यामुळे बारीक तुकडे जोडणे अवघड. म्हणून मोठे, धीट आकार आले. मध्यातील चौकोनाभोवती पट्ट्या वाढवीत नेण्याची ‘हाउसटॉप’ ही जुनी रीत या कापडात नव्याने उजळली. जे संस्थेच्या कामात करता येत नव्हते, ते उरलेल्या तुकड्यांत करता आले.

२००२ मध्ये ह्यूस्टन आणि नंतर न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत या गोधड्या भिंतींवर लागल्या. समीक्षकांना मातीस आणि क्ले आठवले. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली; त्याच वर्षी ४४ वर्षांनी तरही पुन्हा सुरू झाली. हा गौरव यथार्थच होता. पण चित्रकलेशी साधर्म्य दाखवल्यावाचून या कामाची थोरवी पटू नये, ही समीक्षेची मर्यादा म्हणावी लागेल. आणि गौरवापाठोपाठ हिशेबाचा प्रश्न आलाच. २००७ मध्ये काही कारागीर स्त्रियांनी विक्री आणि नक्षीच्या हक्कांवरून न्यायालयात दावे लावले. पुढील वर्षी ते मिटले.

चिंधी जोवर चिंधी असते, तोवर तिच्यावर कोणी हक्क सांगत नाही. तिला मोल आले की मालकीचा वाद सुरू होतो. जीज बेंडच्या स्त्रियांनी उरलेल्या वस्तूंतून पूर्ण वस्तू घडवली, एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. काय उरावे आणि ते कोणाच्या वाट्याला यावे, हे ठरवणारे हात दुसरेच होते. या गोधड्यांकडे पाहताना रंगांबरोबर हेही दिसले, तर आपण त्यांची केवळ दर्शनी बाजू पाहिली असे होणार नाही.