मोडलेल्या दट्ट्यांची फळी

न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचे शहर आहे. या शहरातील एका साध्या गॅरेजमध्ये बर्ट मन्रो नावाचा माणूस राहत असे. राहत असे हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे. त्याचा बिछाना आणि त्याची हत्यारे एकाच छपराखाली होती. तेथे भिंतीशी एक फळी होती. तिच्यावर फुटलेले दट्टे, तुटलेले कनेक्टिंग रॉड, वाकलेल्या झडपा असा सारा मोडका माल मांडलेला असे, आणि हे सर्व वेगदेवतेस अर्पण केले आहे, अशा अर्थाची पाटी तिच्यावर होती. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारे पुसूनपासून पूजेला मांडतात, परंतु ती धडधाकट असतात. मन्रोने आपल्या देवतेला वाहिले ते केवळ मोडलेले.

या फळीचा इतिहास सुरू होतो तो १९२० साली. १८९९ मध्ये जन्मलेल्या मन्रोने एकविसाव्या वर्षी एक नवी मोटारसायकल विकत घेतली. तिचे नाव ‘इंडियन स्काउट’. नावावरून फसू नये. हे यंत्र हिंदुस्थानातले नव्हे, तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावच्या कारखान्यातले, आणि हे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने त्याचा आराखडा केला होता. इंग्रजी व्ही या अक्षरासारखी दोन सिलिंडरे, ६०० घनसेंटिमीटरचे आकारमान, तीन गिअर. ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, हा त्याचा वेग. त्या काळच्या रस्त्यांना तो पुष्कळ होता. मन्रोला मात्र तो पुरेना.

१९२६ च्या सुमारास त्याने इंजिन सुधारण्यासाठी खोलले, आणि खोलण्या-जोडण्याचे हे काम पुढे चाळीस वर्षे थांबले नाही. दिवसा तो मोटारसायकली विकण्याची नोकरी करी आणि रात्री आपल्या इंजिनापाशी बसे. पुढे पुढे तर त्याने नोकरीही सोडली व दिवस आणि रात्र दोन्ही इंजिनाला दिली.

एवढे मोडत होते ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. सिलिंडरमधला दट्ट्या वर जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येतो. त्याला प्रत्येक खेपेस थांबवणे आणि पुन्हा ओढणे हे काम कनेक्टिंग रॉडचे. इंजिनाचे फेरे दुप्पट केले की हा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ५५ मैलांसाठी घडवलेल्या रॉडला तिप्पट वेगाचे ओझे पेलवणार कसे? तो तुटतो, आणि एकटा तुटत नाही. जाताना दट्टा, झडपा, कधी सिलिंडरही घेऊन जातो. मग सारे पुन्हा उघडावयाचे, तुकडे वेचावयाचे, कोणता भाग आधी मोडला हे ओळखावयाचे आणि तो अधिक बळकट करून बसवावयाचा. एक भाग बळकट झाला की ताण शेजारच्या भागावर जातो. पुढच्या खेपेस मोडतो तो शेजारी.

नवे भाग आणावयाचे तर ते मिळणार कोठून? १९३८ पासून न्यूझीलंडात आयातीवर परवान्यांचे निर्बंध आले, आणि १९५३ मध्ये स्प्रिंगफील्डच्या कारखान्याने मोटारसायकली करणेच बंद केले. असे असले तरी खरी गोष्ट निराळी आहे. मन्रोला जे भाग हवे होते, ते त्या कारखान्याने कधी केलेच नव्हते. म्हणून त्याने ते स्वतः केले. जुने पत्र्याचे डबे साच्यांना वापरून त्याने वितळलेल्या धातूचे दट्टे ओतले. ट्रॅक्टरच्या अक्षाचे कसदार पोलाद घेऊन त्यातून हाताने कनेक्टिंग रॉड कोरून काढले. या एका कामाला महिनेच्या महिने लागले. सिलिंडरे, फ्लायव्हील, कॅम, तेल पुरवण्याची योजना, सारे घरचेच. जेथे इतर यंत्रज्ञ मायक्रोमीटर वापरतात, तेथे त्याने चाकाच्या जुन्या स्पोकवर भागवले. हे वाचून शिकल्यासवरल्या यंत्रज्ञाने कपाळाला हात लावावा, आणि लावला तरी त्याला दोष देता येणार नाही. ही पद्धत अनुकरणीय नव्हेच. फळी भरली ती काही प्रमाणात तिच्यामुळेही असेल.

सर्वांत मोठा बदल झडपांचा. मूळ इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्यामुळे आत येणाऱ्या मिश्रणाला वळसा घ्यावा लागे आणि ज्वलनाची जागा पसरट होऊन दाब वाढवता येत नसे. मन्रोने झडपा उचलून सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या आणि त्या हलवण्यासाठी दोनांऐवजी चार कॅम बसवले. कारखान्यात नव्या इंजिनासाठी अशा कामाला आराखडे काढणारी माणसे लागतात. येथे एकटा मनुष्य जुन्या इंजिनाच्या पोटात नवे इंजिन रचत होता.

अमेरिकेत, यूटा राज्यात, बोनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तेथे नोंदले जातात. मन्रो तेथे पहिल्यांदा गेला तो नुसता पाहण्यासाठी. १९६२ मध्ये तो आपले यंत्र घेऊन गेला. वय ६३, इंजिनाचे आकारमान ८५० घनसेंटिमीटरपर्यंत वाढवलेले, आणि बाहेरून माशासारखे निमुळते कवच. त्या वर्षी त्याने ताशी सुमारे १७९ मैलांचा, म्हणजे २८८ किलोमीटरचा, विक्रम केला. १९६६ मध्ये दुसऱ्या गटात विक्रम झाला. १९६७ मध्ये इंजिन ९५० घनसेंटिमीटरचे झाले आणि हजाराच्या आतील गटात ताशी १८३.५९ मैल हा वेग नोंदला गेला. त्या वेळी तो ६८ वर्षांचा होता.

मग हे यंत्र १९२० चे म्हणावयाचे कसे? दट्टे नवे, रॉड नवे, सिलिंडरे नवी, झडपांची जागाही नवी. नियमांच्या पुस्तकात याला उत्तर असेल. पण मन्रोच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. त्याने कधी जुने टाकून नवे घेतले नाही. मोडले ते काढले आणि त्याच्या जागी दुसरे घडवले, एवढेच. एखादे घर वडील दुरुस्त करतात, मग मुलगा करतो, वासे बदलतात, कौले बदलतात. तरी गावात त्या घराला कोणी नवे घर म्हणत नाही.

बोनव्हिलच्या विक्रमांचे आकडे जगाला ठाऊक झाले. २००५ मध्ये रॉजर डोनाल्डसन या दिग्दर्शकाने मन्रोवर चित्रपट काढला आणि ते आणखी ठाऊक झाले. परंतु १९२६ ते १९६२ ही छत्तीस वर्षे त्या मैदानावर गेली नाहीत, ती गॅरेजमध्ये गेली. आणि त्यांचा हिशेब कोठे ठेवलेला असेल तर त्या फळीवर. तिथल्या प्रत्येक तुकड्याबरोबर एक प्रश्न सुटला होता. विजयाच्या ढाली मांडून ठेवणारे पुष्कळ असतात. आपले पराभव ओळीने मांडून त्यांच्यासमोर रोज झोपी जाणारा माणूस विरळा.

१९७७ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातापायांवर पूर्वीचा ताबा राहिला नाही, तेव्हा त्याने आपली स्काउट आणि दुसरी व्हेलोसेट अशी दोन्ही यंत्रे गावातीलच एका व्यापाऱ्याला विकली, जेणेकरून ती त्या प्रांताबाहेर जाऊ नयेत. ६ जानेवारी १९७८ रोजी तो वारला.

विक्रमाचा आकडा म्हणजे दोन उलट दिशांच्या धावांची सरासरी. २०१४ मध्ये मन्रोच्या मुलाने जुने कागद चाळताना १९६७ ची सरासरी चुकीची काढली गेल्याचे दाखवून दिले. अमेरिकन मोटारसायकल संघटनेने बेरीज पुन्हा केली आणि ताशी १८३.५९ मैलांच्या जागी १८४.०९ मैल हा आकडा नोंदला.